ब्लू-रे प्लेअर व जुना दूरचित्रवाणी संच

उच्च विभेदनक्षमतेची (बारीक तपशील वेगवेगळे दाखविण्याच्या क्षमतेची) चित्रे साठविणाऱ्या ब्लू-रे तबकडीचे वाचन करणारे यंत्र म्हणजे ब्लू-रे प्लेअर होय. ऋण किरण नलिकेच्या, म्हणजे काचेचा फुगीर पडदा व मागे खोल पेटी असलेल्या, जुन्या दूरचित्रवाणी संचाला तो जोडता येईल किंवा नाही हे दोन गोष्टींवर अवलंबून असते : दोहोंच्या विद्युत् संकेतांचा मेळ आणि प्लेअरच्या निर्मितीचे वर्ष. पहिली अडचण तांत्रिक असून ती बव्हंशी दूर करता येते. दुसरी मात्र तंत्रातून नव्हे, तर परवान्याच्या करारातून उद्भवलेली आहे.

तबकडी : ब्लू-रे तबकडीचा व्यास सीडी व डीव्हीडी यांच्याप्रमाणेच १२ सेंमी. असतो. सीडीच्या वाचनासाठी ७८० नॅनोमीटर व डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर किरण वापरतात. ब्लू-रेसाठी ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा निळसर जांभळा किरण लागतो. तरंगलांबी जितकी कमी तितक्या लहान बिंदूवर किरण केंद्रित करता येतो व माहितीच्या खुणा अधिक दाट बसविता येतात. त्यामुळे डीव्हीडीच्या एका थरात ४.७ गिगॅबाइट, तर ब्लू-रेच्या एका थरात २५ गिगॅबाइट माहिती मावते. चित्रपटांच्या ब्लू-रे तबकड्या व त्यांचे प्लेअर २००६ मध्ये बाजारात आले.

चित्रातील तफावत : ब्लू-रेवरील चित्रात आडव्या दिशेने १,९२० व उभ्या दिशेने १,०८० बिंदू, म्हणजे एकूण २०,७३,६०० बिंदू असतात. भारतात १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू झाले ते पाल पद्धतीनुसार. या पद्धतीत ६२५ रेषांपैकी ५७६ रेषांवर चित्र असते. तिच्या अंकीय रूपात ७२० × ५७६ म्हणजे ४,१४,७२० बिंदू धरतात. याचा अर्थ तबकडीवरील पाच बिंदूंच्या जागी जुन्या संचाकडे एकच बिंदू जातो. शिवाय ब्लू-रेच्या चित्राच्या रुंदीचे उंचीशी प्रमाण १६ : ९, तर जुन्या पडद्याचे ४ : ३ असते. रुंद चित्र पूर्ण दाखविले, तर वर व खाली काळे पट्टे येतात आणि ५७६ पैकी ४३२ रेषाच चित्राच्या वाट्यास येतात.

जोडणीचे प्रकार : जुना संच सदृश संकेत, म्हणजे विद्युत् दाबातील अखंड चढउतारांच्या रूपातील संकेत, स्वीकारतो. याकरिता सर्वांत प्रचलित असलेल्या संमिश्र जोडणीत पिवळ्या टोकाच्या एकाच तारेतून प्रकाशमानाचा व रंगाचा संकेत एकत्र जातो, तर पांढऱ्या व लाल टोकांच्या तारांतून डावा व उजवा ध्वनी जातो. पाल पद्धतीत रंगाचा संकेत ४.४३ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या वाहकावर बसविलेला असतो. प्रकाशमानाच्या सूक्ष्म तपशिलाची कंप्रताही याच्या आसपास असल्याने दोहोंची सरमिसळ होते आणि बारीक रेघांच्या कापडावर नसलेले रंग झळकतात. एस-व्हिडिओ जोडणीत हे दोन संकेत वेगळ्या तारांतून जातात. घटक जोडणीत हिरव्या, निळ्या व लाल टोकांच्या तीन तारा असतात व सदृश जोडण्यांपैकी तिचे चित्र विशेष स्वच्छ असते. पिवळ्या टोकाची तार चुकून हिरव्या खाचेत बसविल्यास चित्र कृष्णधवल दिसते. हा संचातील बिघाड नव्हे. ज्या संचाला फक्त अँटेनाची खाच आहे, त्याकरिता मध्ये आर.एफ. मॉड्युलेटर बसवावा लागतो.

मांडणी : प्लेअरच्या सूचीत पडद्याचे प्रमाण ४ : ३ असे निवडावे, अन्यथा माणसे उंच व सडपातळ दिसतात. ध्वनी दोन मार्गांचा निवडावा, म्हणजे बहुमार्गी ध्वनीतील संवाद गाळले जात नाहीत. चित्रपट बहुधा दर सेकंदास २४ चौकटी या गतीने मुद्रित केलेले असतात व अनेक प्लेअर त्यांचे ६० हर्ट्‌झच्या संकेतात रूपांतर करतात. केवळ ५० हर्ट्‌झचा संकेत स्वीकारणाऱ्या संचावर असे चित्र वरखाली सरकत राहते किंवा त्यातील रंग नाहीसे होतात. अनेक पद्धतींचे संकेत स्वीकारणाऱ्या संचावर ही अडचण येत नाही.

परवान्याची अट : ब्लू-रेवरील चित्रपट सांकेतिक रूपात कुलूपबंद असतात. ते उघडण्याचा परवाना ए.ए.सी.एस. या व्यवस्थेकडून उत्पादकास घ्यावा लागतो. सदृश तारेतून चित्राची प्रत काढणे रोखता येत नाही, म्हणून या परवान्यात दोन मुदती घातल्या गेल्या. आधीपासून उत्पादनात असलेली प्रतिमाने वगळता, ३१ डिसेंबर २०१० नंतर तयार झालेल्या प्लेअरमधून असे चित्रपट सदृश मार्गाने केवळ साध्या विभेदनक्षमतेत बाहेर येऊ शकतात. ३१ डिसेंबर २०१३ नंतर हा मार्ग पूर्णपणे बंद करण्यात आला. त्यामुळे पुढील काळातील प्लेअरवर सामान्यतः एच.डी.एम.आय. ही अंकीय खाचच आढळते. जुना संच सुस्थितीत असूनही नव्या प्लेअरशी थेट जोडता येत नाही, याचे मूळ येथे आहे.

रूपांतरक : अंकीय संकेतापासून संमिश्र संकेत तयार करणारी छोटी पेटी प्लेअर व संच यांच्यामध्ये बसविता येते. तिला बहुधा ५ व्होल्टचा स्वतंत्र विद्युत् पुरवठा लागतो. उलट दिशेने काम करणाऱ्या पेट्याही दिसण्यात तशाच असल्याने घेताना दिशा तपासावी. एका टोकास एच.डी.एम.आय. व दुसऱ्या टोकास तीन रंगीत खुंट्या असलेली नुसती तार या कामी निरुपयोगी ठरते, कारण एच.डी.एम.आय. खाचेतून सदृश संकेत बाहेर येतच नाही. प्लेअर चित्र पाठविण्यापूर्वी पुढील उपकरणाची ओळख पटवून घेतो. ती न पटल्यास पडदा कोराच राहतो.

सुरक्षितता : खाच नसलेल्या संचाची पेटी उघडून ती बसविण्याचा प्रयत्न घरी करू नये. रंगीत चित्र नलिकेवर २० हजार व्होल्टहून अधिक दाब असतो व संच बंद केल्यावरही काही विद्युत् भार नलिकेत टिकून राहतो. काही संचांचा धातूचा सांगाडा थेट वीजवाहिनीशी जोडलेला असतो. त्यावर बाहेरील तार जोडणे प्राणघातक ठरू शकते.

उपयुक्तता : ब्लू-रेचा मुख्य लाभ बारीक तपशिलात असल्याने जुन्या संचावर त्याचा थोडाच अंश पदरी पडतो, सुस्थितीतील डीव्हीडीचे चित्र तेथे फारसे उणे वाटत नाही. तथापि ब्लू-रे प्लेअर डीव्हीडीही वाचतो आणि एखादा चित्रपट फक्त ब्लू-रेवरच उपलब्ध असू शकतो. अशा वेळी पिवळी खाच असलेला २०१३ पर्यंतचा प्लेअर किंवा योग्य रूपांतरक वापरल्यास जुना संच टाकून न देता काम भागते.