तळहातावरचे उदक

पूजेच्या शेवटी पुरोहित यजमानाच्या उजव्या तळहातावर पळीभर पाणी घालतो, त्याच्याकडून 'न मम' म्हणवून घेतो आणि ते पाणी बोटांवरून ताम्हनात सोडावयास लावतो. 'समर्पण' या शब्दाचा अर्थ ज्यास शोधावयाचा असेल, त्याने कोश उघडण्यापूर्वी त्या ताम्हनाकडे क्षणभर पाहावे, अशी माझी सूचना आहे.

'ऋ' या गत्यर्थक धातूच्या प्रयोजक रूपापासून 'अर्पण' सिद्ध होते. तेव्हा अर्पिणे म्हणजे मुळात जावयास लावणे, पोहोचते करणे. आपण ज्याला समर्पणाचा सोबती मानतो, त्या 'निष्ठा' शब्दातही स्थैर्याबरोबर समाप्तीचा, तडीस जाण्याचा अर्थ आहे. 'कृत', 'कृतवत्' अशी झाल्या क्रियेची रूपे घडविणाऱ्या प्रत्ययांना पाणिनीने 'निष्ठा' हीच संज्ञा दिली. कार्ल्याच्या चैत्यगृहातील लेखात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह 'परिनिष्ठापित' केल्याचे प्राकृतात नमूद आहे, म्हणजे पुरे करविले; त्याच्या मनातील भक्तिभावाचे वर्णन करीत बसण्याची लेखकाला गरज वाटलेली नाही.

याहून बोलका पुरावा नाशिकच्या दहाव्या लेण्यात आहे. क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात याने लेणे तर संघास दिलेच, शिवाय 3,000 कार्षापणांची अक्षयनीवि, म्हणजे मुद्दल कधीही न मोडावयाची ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेविली. पैकी 2,000 वर दरमहा शेकडा एक व्याज. त्याचे वर्षाचे 240 होतात, आणि वर्षावासात तेथे राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बाराप्रमाणे बरोबर तेवढेच लागतात! एवढा चोख हिशेब मांडूनही दात्याचे समाधान झाले नाही. हे सर्व निगमसभेत ऐकविले आणि दप्तरी फलकावर नोंदविले, असेही त्याने खोदवून ठेविले आहे. दान चारचौघांच्या कानी पडल्यावाचून आणि कागदोपत्री उतरल्यावाचून ते पुरे झाले असे त्याने मानले नाही.

लॅटिन भाषेतील 'देदिकारे' या क्रियापदाचा मूळ आशय असाच आहे: देवतेच्या नावे जाहीर करून देणे. त्यातील मूळ धातू संस्कृत 'दिश्'चा सगोत्र. अर्पणपत्रिकेत आपण अमक्यास 'उद्देशून' लिहितो, त्यात तोच धातू नांदतो. पेशवाईतील इनामपत्रेही ही रीत सांभाळतात. जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेप असे एकेक नाव घेऊन हक्क सोडावयाचा, पत्राची तालीक दप्तरी ठेवावयाची आणि असल पत्र भोगवट्यासाठी इनामदाराच्या हाती परत द्यावयाचे, हा शिरस्ता उषवदातास मुळीच परका वाटला नसता.

सांप्रत मात्र समर्पण हा मनाचा एक गुण होऊन बसला आहे. सभासंमेलनांतून ज्याची त्याची 'समर्पित कार्यकर्ता' अशी ओळख करून दिली जाते, आणि त्याने काय सोडले, कोणास पोहोचविले, हे विचारणे असभ्यपणाचे ठरते. उलट 'पाणी सोडणे' हा दानविधीतून आलेला वाक्प्रचार आपण बुडालेल्या उसनवारीसाठी राखून ठेविला आहे. देणाऱ्याच्या हातून वस्तू गेली एवढाच अर्धा अर्थ त्यात शिल्लक राहिला. घेणारा, साक्षी आणि दप्तर ही उरलेली मंडळी गळाली. नाशिकच्या भिंतीवर मात्र ती सगळी अद्याप आपापल्या जागी आहेत: विणकर, सभा, फलक, आणि बारा-बारा कार्षापणांची वाट पाहणारे वीस भिक्षू.