वजनाच्या गटात: आधार कुठे, निवाडा कुठे

2018 च्या सुमाराला महाराष्ट्रात एक प्रश्न लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या घोळक्यात हमखास कानावर पडायचा: "तुम्ही दीक्षित की दिवेकर?" दिवसातून दोनदाच पोटभर जेवा, मधे काही खाऊ नका, असे सांगणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित एका बाजूला. थोड्याथोड्या अंतराने, आपल्या मातीतले, घरचे अन्न खा, असे सांगणाऱ्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर दुसऱ्या बाजूला. या वादाच्या गदारोळात एक वेगळाच बदल घडत होता. हजारो मराठी माणसे आपल्या वजनाबद्दल, साखरेबद्दल, पोटाच्या घेराबद्दल अनोळखी माणसांशी मोबाइलवरच्या गटांत रोज बोलू लागली होती. घरात ज्या विषयावर थट्टा व्हायची किंवा कुजबुज, तो विषय आता उघडपणे मांडला जात होता.

दीक्षितांच्या पद्धतीचे मूळ विदर्भातले. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार डॉक्टर होते, आमदार आणि मंत्री होते, एकामागून एक पदव्या मिळवण्यासाठी प्रसिद्ध होते. आहार आणि इन्शुलिन यांचा संबंध ते व्याख्यानांतून समजावून सांगत. 2004 मध्ये मोटार अपघातात त्यांचे निधन झाले, पण त्यांचे ध्वनिमुद्रित झालेले व्याख्यान फिरत राहिले. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या दीक्षितांनी ते ऐकले, स्वतःवर प्रयोग केला, वजन उतरले आणि मग ते गावोगाव तेच सांगत फिरू लागले. कडक भूक लागण्याच्या दोन वेळा ओळखायच्या, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत आटोपायचे, 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे, एवढा सुटसुटीत कार्यक्रम. त्याला जोड होती व्हॉट्सअॅपवरच्या मोफत गटांची. गटात येण्याआधी उपाशीपोटीचे इन्शुलिन आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) या दोन तपासण्या करायच्या, तीन महिन्यांनी त्या पुन्हा करायच्या.

तपासणीच्या या अटीत मोठे शहाणपण आहे. गटासमोर येतो तो रक्ताचा अहवाल. माणूस कसा दिसतो, लग्नातली साडी बसते का, शेजारीण काय म्हणाली, हे त्यात येत नाही. अहवालावर चर्चा होऊ शकते. दिसण्यावर फक्त शेरा मारता येतो.

पण कोणत्याही आहारपद्धतीभोवती जमलेल्या गटात एक धोका असतो. पद्धत हळूहळू पंथ होते. दीक्षितांची राज्य सरकारच्या स्थूलताविरोधी मोहिमेचे सदिच्छादूत म्हणून निवड झाली, तेव्हा दिवेकरांनी जाहीर आक्षेप घेतला. तज्ज्ञांमधला हा मतभेद समजण्यासारखा होता. त्यांच्या अनुयायांमध्ये मात्र तो निष्ठेचा प्रश्न झाला. मग एखाद्याचे वजन उतरले नाही की पद्धतीत काही कमी असू शकते, हे कोणी बोलेना. दोष थेट त्या माणसावर यायचा: "तुम्ही नीट पाळत नसाल." बहुतेकांना गटातून गप्प करण्यासाठी एवढे वाक्य पुरते.

गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोड्यासारख्या ठिकाणी वजनावरच्या निवाड्याचा हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. हा धानाचा पट्टा. पावसाळ्यात रोवणीला बायका दिवसभर चिखलात कमरेत वाकून असतात. दोन्ही वेळच्या ताटात भात मुख्य. त्याच तालुक्यात 3300 मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प उभा आहे आणि तिथले काम पाळ्यांमध्ये चालते. रात्रपाळीत झोप मोडते, जेवणाच्या वेळा सरकतात, आणि वजन व साखर वाढण्याशी पाळीच्या कामाचा संबंध जगभरच्या अभ्यासांत दिसला आहे. एका बाजूला श्रमाने वाळलेली शरीरे, दुसऱ्या बाजूला दुकानात, कार्यालयात, पाळीत बसून वाढलेली शरीरे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाचे चित्रही असेच दिसले: 15 ते 49 वयाच्या 24 टक्के स्त्रियांचे वजन जास्त आणि जवळपास 19 टक्के स्त्रियांचे वजन कमी.

त्यामुळे इथे निवाडा दोन्ही बाजूंनी होतो. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात, रात्रभर दंडार आणि नाटके रंगतात. वजन वाढलेल्या सुनेला त्या गर्दीत टोमणे मिळतात आणि मेहनतीने वजन उतरवलेल्या बाईला "काहून वाळली वं? साखर निघाली का?" असे विचारले जाते. वाढले तरी बोलणे, उतरले तरी बोलणे. अशा वेळी मोबाइलवरचा गट ही अनेकांसाठी एकमेव जागा उरते. तिथेही निवाडाच वाट्याला आला, तर जायचे कुठे?

टोमणे मारणाऱ्यांचा हेतू बहुतेक वेळा वाईट नसतो. "लागले तरच सुधारेल" ही समजूत आपल्याकडे खोल रुजली आहे. मात्र पुरावा नेमका उलट आहे. इंग्लंडमध्ये सुमारे 2900 प्रौढांचा चार वर्षे मागोवा घेऊन 2014 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वजनावरून भेदभावाची वागणूक मिळाल्याचे सांगणाऱ्यांचे वजन सरासरी जवळपास एक किलोने वाढले होते. तसा अनुभव नसणाऱ्यांचे सरासरी पाऊण किलोच्या आसपास घटले होते. त्याआधी वर्षभर, 2013 मध्ये, अमेरिकेतल्या सहा हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात दिसले की सुरुवातीला स्थूल नसलेल्या, पण असा भेदभाव सोसलेल्या माणसांची पुढच्या काही वर्षांत स्थूल होण्याची शक्यता सुमारे अडीच पट होती. टोमण्याने कोणी सडपातळ होत नाही. माणूस व्यायामाला बाहेर पडायचे टाळतो, डॉक्टरकडे जाणे लांबवतो, एकटा असताना खातो. 2020 मध्ये अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन वजनावरून होणाऱ्या हेटाळणीविरुद्ध निवेदन काढले, ते याच कारणांसाठी.

महाराष्ट्राने याचे एक ठळक उदाहरण पाहिले आहे. 21 फेब्रुवारी 2017 रोजी, मुंबई महापालिकेच्या मतदानाच्या दिवशी, लेखिका शोभा डे यांनी एका अतिस्थूल पोलिसाचे छायाचित्र ट्विटरवर टाकून मुंबईच्या बंदोबस्तावर कोटी केली. तो पोलीस मुंबईचा नव्हताच, मध्य प्रदेशचा होता. आपले वजन जुन्या आजारपणानंतर वाढले, खाण्याने नाही, असे त्याने सांगितले. पुढे मुंबईतच त्याच्यावर वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झाली. छायाचित्रावर हसणारे पुष्कळ होते, उपचार मिळाले ते कोणीतरी "तुला काय होतेय?" असे विचारल्यावर.

नुसत्या डोळ्यांनी केलेला निवाडा वैद्यकीयदृष्ट्याही फसवा असतो, हे पुण्यातल्या एका जोडछायाचित्राने जगाला दाखवले. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेले हे चित्र आता वैद्यकाच्या वर्गांत दाखवले जाते. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी दडलेली असू शकते. म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची सीमा 25 ऐवजी 23 वर आणली गेली. गटातली बारीक बाई जाड बाईला उपदेश करते तेव्हा तिची स्वतःची साखर तपासलेली असतेच असे नाही.

टोमणे मारणाऱ्यांच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. माणसे आपण किती खातो हे कमी सांगतात. 1992 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या एका गाजलेल्या अभ्यासात, "कितीही कमी खाल्ले तरी वजन उतरत नाही" असे म्हणणाऱ्या लोकांचे प्रत्यक्ष मोजमाप झाले. ते आपला आहार सरासरी 47 टक्के कमी आणि हालचाल 51 टक्के जास्त सांगत होते. ही मुद्दाम केलेली लबाडी असते असे नाही. भाजीवरचे तेल, चहातली साखर, पोरांच्या ताटातले उरलेले दोन घास हे कोणाच्या लक्षातच राहत नाहीत.

पण यावर उपाय कोणता? 2008 मध्ये अमेरिकेत सुमारे 1700 लोकांच्या अभ्यासात रोज काय खाल्ले ते लिहून ठेवणाऱ्यांचे वजन, अजिबात न लिहिणाऱ्यांच्या दुप्पट उतरले. खरी नोंद हे वजन उतरवण्याचे सर्वांत स्वस्त हत्यार आहे. आणि खरी नोंद भीतीच्या छायेत होत नाही. काल मंडईत जिलेबी खाल्ली असे लिहिल्यावर दहा जण झोडपणार असतील, तर पुढच्या वेळी जिलेबी खाल्ली जाईल, लिहिली जाणार नाही. निवाडा करणारा गट अशा रीतीने स्वतःचे डोळे स्वतःच बांधून घेतो.

बचत गटाच्या बायकांना हे वेगळे शिकवावे लागत नाही. विदर्भात महिला आर्थिक विकास महामंडळाने आणि पुढे 'उमेद' या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने उभ्या केलेल्या गटांत हप्ता चुकला तर लपवता येत नाही, वही सगळ्यांसमोर असते. पण चांगला गट आधी विचारतो: घरी आजारपण आहे का, मजुरी थकली का? मग हप्ता कसा भरता येईल ते ठरते. शिस्त तशीच राहते आणि बाई गट सोडून जात नाही. वजनाच्या गटाला हीच रीत लागते.

शरीराचे स्वतःचेही काही नियम आहेत, आणि ते गटाला माहीत असले तर निम्मे निवाडे आपोआप गळून पडतात. पहिल्या आठवड्यात भराभर उतरते त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. यकृत आणि स्नायूंत साठलेल्या साखरेबरोबर तिच्या सुमारे तिप्पट पाणी बांधलेले असते, ते आधी निघते. पुढे वेग मंदावतो आणि मग काटा थांबतो. याच टप्प्यावर गटात संशय सुरू होतो. प्रत्यक्षात शरीर खर्च कमी करत असते. अमेरिकेतल्या 'द बिगेस्ट लूझर' या वजन उतरवण्याच्या दूरचित्रवाणी स्पर्धेतल्या 14 स्पर्धकांना सहा वर्षांनी तपासले, तेव्हा त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे 500 कॅलरी कमी जाळत होते. त्यांनी सरासरी 58 किलो घटवले होते आणि त्यातले 41 किलो परत आले होते. लाखो प्रेक्षकांसमोर ओरडून, रडवून उतरवलेले हे वजन होते. शिवाय थायरॉइड कमी असणे, पीसीओएस, स्टिरॉइड, काही मानसोपचाराची औषधे, इन्शुलिन, यांमुळेही वजन वाढते किंवा हटत नाही.

सोबत मिळाल्याने काय होते तेही मोजले गेले आहे. 1961 मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या जीन निडेच या गृहिणीने मैत्रिणींना घरी बोलावले आणि चोरून बिस्किटे खाण्याची आपली सवय कबूल केली. बाकीच्यांनीही आपापल्या सवयी सांगितल्या. त्यातून 1963 मध्ये 'वेट वॉचर्स' ही संस्था उभी राहिली. 1999 च्या एका अमेरिकी अभ्यासात एकट्याने आलेल्या आणि नेहमीचा उपचार घेतलेल्यांपैकी 76 टक्के लोकांनी कार्यक्रम पुरा केला आणि 24 टक्क्यांनी घटवलेले वजन पुढचे सहा महिने पूर्णपणे टिकवले. मित्रांबरोबर आलेल्या आणि एकमेकांना आधार देण्याची आखणी असलेल्या गटात हेच आकडे 95 आणि 66 टक्के होते. आहार आणि व्यायामाची शिकवण दोघांनाही मिळाली होती. सोबतीचा फरक होता.

आधाराचा अर्थ सगळ्याला "छान, छान" म्हणणे असाही नाही. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणारा माणूस जेवणांमधले अंतर एकदम वाढवतो, तेव्हा त्याची साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, शुद्धही जाऊ शकते. अशा वेळी "दम धरा, सवय होईल" हा सल्ला प्रेमाने दिलेला असला तरी घातक ठरतो. माणूस शुद्धीवर असेल तर तात्काळ साखर किंवा गूळ देणे, नसेल तर लगेच दवाखान्यात नेणे, आणि औषधाची मात्रा डॉक्टरकडून बदलून घेणे, हाच खरा आधार. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता, मूत्रपिंडाचे रुग्ण, किशोरवयीन मुले यांना गटाच्या जेवणाचे वेळापत्रक लावू नये. आणि सिकलसेलचे प्रमाण जिथे लक्षणीय आहे त्या गोंदिया जिल्ह्यात तर उपास करण्याआधी, पाणी कमी पिण्याआधी तपासणीचा कागद पाहिलाच पाहिजे.

तिरोड्यात असा गट उभा करायला फार काही लागत नाही. तीस वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब आणि साखरेची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. नव्या सभासदाने आधी ती करून घ्यावी. आठवड्यातून एकदा, एकाच वेळी वजन करावे आणि आकडा गटात सांगायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. महिन्यातून एकदा शिंप्याच्या टेपने कंबर मोजावी. पुरुषांसाठी 90 आणि स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर ही भारतीय शरीराची सावधानतेची रेघ आहे. आधी-नंतरची छायाचित्रे गटात नकोत. जेवणाची नोंद आली की पहिला प्रतिसाद प्रश्नाचा असावा: भूक किती वाजता लागली, पाळी कोणती होती, झोप झाली का? भात बंद करा, असे धानाच्या गावात सांगून कोणी ऐकणार नाही. भात एक वाटी कमी आणि डाळ, पालेभाजी, तळ्यातली मासोळी जास्त, हे मात्र उद्याच्या ताटात जमण्यासारखे आहे. औषधे चालू असणाऱ्यांसाठी एका डॉक्टरचा किंवा आरोग्यसेविकेचा क्रमांक गटाच्या माथ्यावर लिहिलेला असावा. आणि जी बाई पंधरा दिवस गटात काहीच लिहीत नाही, तिला गटात जाब विचारू नये; एका मैत्रिणीने तिच्या घरी जाऊन संध्याकाळी सोबत चालायला घेऊन जावे.