सायबर गुन्ह्यात अटक? आधी एफआयआरमधली कलमं वाचा

डहाणू-तलासरीकरांनो, पोस्ट सेव्ह करा.

नोव्हेंबर 2012. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयीच्या फेसबुक पोस्टवरून आपल्या पालघरात (तेव्हा जिल्हा ठाणे) दोन तरुणींना अटक झाली. जामीन त्याच दिवशी मिळाला. त्यांना लावलेलं आयटी कायद्याचं कलम 66अ सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 ला रद्दच केलं.

हल्ली भानगड वेगळी असते. कमिशनच्या आमिषाने पोरगा आपलं बँक खातं दुसऱ्याला वापरायला देतो, त्यात फसवणुकीचा पैसा येतो, आणि पोलीस आधी खातेदारालाच गाठतात.

एफआयआरमध्ये नुसतं आयटी कायद्याचं 66क (ओळखचोरी) किंवा 66ड (संगणक वापरून तोतयेगिरीने फसवणूक) असेल तर शिक्षा 3 वर्षांपर्यंत, म्हणून गुन्हा जामीनपात्र. जामीन पोलीस ठाण्यातच मिळू शकतो. सोबत भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं 318(4) असेल तर शिक्षा 7 वर्षांपर्यंत आणि गुन्हा अजामीनपात्र. घाबरू नका, याचा अर्थ जामीन मिळतच नाही असा नाही; तो कोर्टाकडे मागायचा. संघटित गुन्हेगारीचं 111 लागलं तर मात्र प्रकरण जड. खात्याचा व्यवहार, मोबाइल, कमिशनचे मेसेज यातलं काहीही डिलीट करू नका!

जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार मिळाला नाही तर आरोपी गरीब असल्याचं कायदा गृहीत धरतो आणि स्वतःच्या बाँडवर सोडतो. हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

वकिलाला पैसे नाहीत? आदिवासी, महिला आणि कोठडीतली कुणीही व्यक्ती मोफत वकिलाला पात्र असते. विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन: 15100.