सातमीचा साथिया

पहाटे ५.३०. शिबिरातल्या मुलांना उठवायला मला फिरावं लागत नाही. सांवेरजवळच्या या गावात ती शेतकऱ्यांच्या घरी दोघं-दोघं राहतात, एक परदेशातलं आणि एक आपल्याकडचं. धारांची वेळ झाली की घर जागं होतं आणि घराबरोबर तीही. शाळेच्या खोल्यांत गाद्या टाकल्या असत्या तर माझी धावपळ निम्मी झाली असती. तरी दरवर्षी घरांसाठीच मी हट्ट धरते.

६.३०. आजचं काम गाजरगवत उपटायचं, शाळेच्या कुंपणापासून तळ्याच्या वाटेपर्यंत. पितृपक्षाचे दिवस, जमीन अजून ओली आहे. रोप बुंध्याशी धरून सरळ वर ओढलं की पांढरट मूळ मातीसकट हातात येतं. वरून तोडलं तर पुन्हा फुटतं. मूळची ही वनस्पती अमेरिका खंडातली. आपल्याकडे तिची ठळक नोंद झाली ती १९५५ च्या सुमारास, पुण्यात. मेक्सिकोच्या मुलाने ती लगेच ओळखली. तिथला एक भुंगेरा हिची पानं खाऊन जगतो आणि तो भारतातही मुद्दाम आणून सोडलाय, हे सांगितल्यावर त्याने पानं उलटून उलटून बघायला सुरुवात केली.

गेल्या वर्षी मी सगळ्यांना हातमोजे दिले, पण बाह्यांचा विचार केला नाही. दोन मुलांच्या कोपरापर्यंत पुरळ उठलं, एकाला चार रात्री झोप नव्हती. ती चूक माझी. आता पूर्ण बाह्यांचा सदरा नसेल त्याला मी कामाला उभंच करत नाही.

९.००. पोहे. वर रतलामी शेव आणि जिरावण. आमच्या इंदूरच्या मराठी घरांतही आता पोह्यांवर जिरावण भुरभुरतात.

१०.३०. शाळेत तासभर गणिताचे खेळ. नंतर उलट्या हनुमानाचं दर्शन. अहिरावणाच्या तावडीतून राम-लक्ष्मणांना सोडवायला मारुती पाताळात निघाला, म्हणून इथली मूर्ती डोकं खाली असलेली. ही गोष्ट गावच्याच मुलांनी सांगितली, मी फक्त शब्द पुरवले.

दुपारी १.००. जेवण, मग वडाखाली आडवं होणं. ऊन उतरेपर्यंत मी त्यांना अशा शिबिरांचा इतिहास सांगते. पहिलं महायुद्ध संपल्यावर, १९२० मध्ये, पिएर सेरेसोल हा स्विस माणूस काही सोबती घेऊन फ्रान्समध्ये व्हर्दनजवळच्या एन या उद्ध्वस्त गावात घरं उभारायला गेला. त्या सोबत्यांत जर्मनही होते. गावाला जर्मन हात सोसवले नाहीत, काही महिन्यांत काम थांबवावं लागलं. तरी त्यातूनच सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संस्था उभी राहिली. १९३४ च्या भूकंपानंतर सेरेसोल बिहारमध्ये आला. पुढे १९५० च्या दशकात याच संस्थेचे देशोदेशींचे तरुण आनंदवनात आले आणि बाबा आमट्यांच्या वसाहतीत त्यांनी विटा रचल्या. कुष्ठरोग्याच्या सावलीलाही लोक भीत होते, तो काळ. हे सांगताना दरवेळी माझा गळा दाटतो.

५.००. ओट्यावर संजा. माळव्यातल्या मुली पितृपक्षात रोज भिंतीवर शेणाची नवी आकृती काढतात, फुलांच्या पाकळ्यांनी ती भरतात, आरती करतात, गाणी म्हणतात. झाकून आणलेला प्रसाद ओळखायला लावतात, आपल्या भोंडल्याच्या खिरापतीसारखाच. खानदेशातली गुलाबाई हिची सख्खी बहीण वाटावी.

आज सातम, म्हणजे साथिया, आपलं स्वस्तिक. जर्मनीची मुलगी ज्यांच्या घरी राहते त्या दादींनी शेणाच्या वळकट्या भिंतीवर दाबल्या, चार हात चार दिशांना वळले, आणि ती मुलगी तेरड्याच्या पाकळ्या मुठीत धरून थबकली. आमच्याकडे हे चिन्ह मिरवणं गुन्हा आहे, ती हळूच म्हणाली. दादींनी विचारलं, का? मी दुभाषी. युद्ध, छावण्या, ज्यू माणसं, सगळं जमेल तसं हिंदीत सांगितलं. दादी बराच वेळ गप्प होत्या. मग विचारलं, ‘‘बेटी, तेरे घर का कोई गया उसमें?’’ पणजोबा त्या सैन्यात होते, मुलगी म्हणाली. घरी कोणी त्याबद्दल बोलत नाही. दादींनी शेणाचा हात पदराला पुसला आणि तिला जवळ बसवून घेतलं. आपल्या साथियाचा अर्थ त्यांनी सांगितला, पण तो तिने मान्य करावा असा आग्रह धरला नाही.

मुलीने साथियाला पाकळी लावली नाही. भोवतीची चौकट मात्र तिने एकटीने भरली, एकेक पाकळी अंगठ्याने दाबत.

सांस्कृतिक कार्यक्रम म्हटलं की लोक मंच, माइक आणि वेषभूषा मागतात. शेवटच्या दिवशी तेही करतो. पण मंचावर ती हे बोलली नसती. सात दिवस त्याच चुलीवरची भाकरी खाल्ली, त्याच घरची म्हैस धुतली, म्हणून बोलली.

८.३०. दाल-बाफले. वाढताना दादींनी तिला सांगितलं, उद्या आठम, आठ पाकळ्यांचं फूल, ते तूच काढ. ताजं शेण धारांच्या वेळी मिळेल. मुलीने घड्याळात पाच वाजताचा गजर लावला. मी उद्याच्या पूर्ण बाह्यांचे सदरे मोजायला घेतले. दोन कमी आहेत.