नारळ मिळालेला प्रशिक्षक घ्यावा का?

लेखमाला : डगआउट, भाग सहावा

१४ नोव्हेंबर २०१४ रोजी ग्रीसचा राष्ट्रीय फुटबॉल संघ घरच्या मैदानावर फेरो बेटांकडून ०-१ असा हरला. फेरो बेटांची लोकसंख्या तेव्हा पन्नास हजारांच्या आसपास होती, आणि ग्रीस त्याच वर्षी विश्वचषकाच्या बाद फेरीत खेळून आला होता. दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षक क्लॉडिओ रानिएरी यांना काढून टाकण्यात आलं. चार सामने, तीन पराभव, एक बरोबरी, एवढीच त्यांची कारकीर्द. पुढच्या जुलैत इंग्लंडच्या लेस्टर सिटीने याच रानिएरींना नेमलं, तेव्हा लेस्टरच्याच मातीतला माजी खेळाडू गॅरी लिनेकर याने उघडपणे आश्चर्य व्यक्त केलं. मोसम सुरू होताना सट्टेबाज लेस्टरच्या विजेतेपदाला पाच हजारास एक असा भाव देत होते. मे २०१६मध्ये लेस्टर इंग्लंडचा विजेता झाला.

ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. ती सांगितली जाते ती मात्र परीकथेसारखी: टाकून दिलेला माणूस, कुणाला तरी सापडलेला हिरा. मला त्यातला कमी सांगितला जाणारा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. रानिएरी गेल्यावर ग्रीसचं काय झालं? नवे प्रशिक्षक आले, आणि जून २०१५मध्ये ग्रीस त्याच फेरो बेटांकडून पुन्हा हरला, या वेळी १-२. पात्रता फेरीच्या गटात हा संघ शेवटी तळाला राहिला. म्हणजे दुखणं संघात होतं, माणूस बदलून ते जाणार नव्हतं. मागच्या भागात आपण प्रशिक्षकाला काढण्याचा निर्णय कसा होतो ते पाहिलं. या भागात त्याच निर्णयाकडे दुसऱ्या टोकाने पाहायचं आहे. दुसऱ्याने काढलेला माणूस आपण घ्यावा का, हे ठरवताना त्या हकालपट्टीला किती वजन द्यायचं?

माझं उत्तर आधीच सांगतो. ‘काढलं गेलं’ या एका नोंदीला जवळजवळ शून्य वजन द्यावं. का काढलं आणि तेच कारण आपल्याकडे आहे का, या दोन गोष्टींना सगळं वजन द्यावं. आपल्याकडचे क्लब बहुतेकदा याच्या नेमकं उलट करतात.

या उत्तराच्या पहिल्या अर्ध्याला आधार आहे. बास तेर वेल या डच अर्थतज्ज्ञाने नेदरलँड्सच्या सर्वोच्च साखळीतले १९८६ ते २००४ या काळातले प्रशिक्षकबदल तपासले. प्रशिक्षक काढल्यावर संघाची कामगिरी सुधारते, हे त्यालाही दिसलं. पण मग त्याने तशीच घसरगुंडी झालेले आणि तरीही प्रशिक्षक कायम ठेवलेले संघ घेतले. तेही जवळपास तसेच सावरले होते. कारण साधं आहे. फुटबॉलमध्ये गोल कमी होतात, म्हणून नशिबाचा वाटा मोठा असतो. खांबाला लागून परत आलेले दोन फटके आणि एक चुकीची पेनल्टी, एवढ्याने महिनाभराचे निकाल फिरतात. प्रशिक्षकाला काढलं जातं ते नेमकं नशिबाच्या तळाशी, आणि तळापासून पुढे बहुधा वरच जायचं असतं. नव्याला श्रेय मिळतं, जुन्याच्या माथी शिक्का बसतो. दोन्ही बऱ्याच अंशी अन्यायाचे.

लिव्हरपूलने २०१५मध्ये युर्गेन क्लॉप यांना नेमताना हेच तपासलं होतं. क्लॉप यांना डॉर्टमुंडने काढलं नव्हतं, ते स्वतःच पायउतार झाले होते. पण त्यांचा शेवटचा मोसम नामुष्कीचा होता. फेब्रुवारी २०१५मध्ये संघ तळाला होता, शेवटी कसाबसा सातवा आला. लिव्हरपूलच्या संशोधन विभागाचे प्रमुख इयन ग्रॅहम यांनी त्या मोसमातल्या गोलसंधींचा हिशेब मांडला आणि निष्कर्ष काढला, की संघ निकालांत दिसतो तितका वाईट खेळलेला नाही, तो कमालीचा दुर्दैवी ठरला आहे. हे काम आज कुठल्याही क्लबला परवडणारं आहे. सामन्यांची ध्वनिचित्रफीत आणि संधींची आकडेवारी सहज मिळते. तरीही उमेदवाराच्या फायलीत गुणतक्ताच आधी उघडला जातो.

निकाल नीट वाचण्यापर्यंतची गोष्ट तशी सोपी. खरी गुंतागुंत सुरू होते ती निकाल चांगले असताना काढलेल्या माणसापाशी. आणि याचं भारतातलं सर्वांत मोठं उदाहरण गोवा आणि मुंबई यांच्यामध्ये घडलं आहे.

सर्जिओ लोबेरा २०१७मध्ये एफसी गोवाकडे आले. बार्सिलोनाच्या तालमीत घडलेला हा माणूस. चेंडू आपल्याकडे ठेवायचा, गोलरक्षकापासून छोट्या पासांनी बांधत जायचं, आणि एक गोल खाल्ला तर दोन करायचे, हा त्यांचा खाक्या. गोव्याच्या प्रेक्षकाला हा खेळ मनापासून आवडला. फातोर्ड्याचं स्टेडियम त्या काळात ज्यांनी पाहिलं त्यांना ते वेगळं सांगायला नको. फेर्रान कोरोमिनास सलग दोन मोसम इंडियन सुपर लीगचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. २०१९मध्ये संघ अंतिम फेरीत गेला, तिथे राहुल भेकेने बंगळुरूसाठी जादा वेळेत केलेल्या गोलने हरला, आणि पुढच्याच महिन्यात गोव्याने सुपर कप जिंकला. २०१९-२०च्या मोसमात साखळीतले तीन सामने उरले होते, गोवा ३० गुणांसह आघाडीवर होता, आणि ३१ जानेवारी २०२० रोजी लोबेरा यांना दूर केल्याची बातमी आली. निकाल हे कारण असूच शकत नव्हतं. बोललं गेलं ते व्यवस्थापनाशी झालेल्या मतभेदांबद्दल.

त्यानंतर क्लिफर्ड मिरांडा यांनी तात्पुरती सूत्रं घेतली आणि गोव्याने उरलेले तिन्ही सामने जिंकले: हैदराबादवर ४-१, मुंबईवर ५-२, जमशेदपूरवर ५-०. साखळीत अव्वल येणाऱ्याला मिळणारी ढाल गोव्याला मिळाली, आणि तिच्यासोबत आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत थेट जाणारा पहिला भारतीय क्लब हा मानही. मग उपांत्य फेरीत चेन्नईयिनने पहिला सामना ४-१ने घेतला, दुसऱ्यात गोव्याने ४-२ अशी झुंज दिली, पण एकूण ५-६ने तो बाहेर पडला. अंतिम सामना त्या वर्षी फातोर्ड्यातच झाला, यजमान संघाविना आणि करोनामुळे प्रेक्षकांविनाही.

याच लोबेरांना त्या शरद ऋतूत मुंबई सिटीने नेमलं. नोव्हेंबर २०१९मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने, म्हणजे मँचेस्टर सिटीच्या मालकांनी, मुंबई सिटीतला ६५ टक्के हिस्सा घेतला होता. त्यांच्यापुढचा प्रश्न ‘याला का काढलं?’ एवढाच राहिला असता, तर मतभेद करणारा माणूस म्हणून फाईल मिटली असती. पण या समूहाच्या सगळ्या क्लबांत चेंडूवर ताबा ठेवणारा खेळच खेळला जातो. खेळाच्या पद्धतीवरून लोबेरांशी वाद होण्याचं तिथे कारणच नव्हतं. शिवाय त्यांनी माणूस एकटा आणला नाही. मुर्तदा फॉल आणि अहमद जाहू हे मोरोक्कोतल्या तेतुआनपासून लोबेरांसोबत खेळलेले, ह्यूगो बूमूस हा मधल्या फळीचा मेंदू, आणि गोव्याचाच मंदार राव देसाई, असे चौघे गोव्यातून मुंबईकडे आले. त्यामुळे संघाला शिकवायला महिने लागले नाहीत.

पुढचा मोसम संपूर्ण गोव्यातच, रिकाम्या स्टेडियममध्ये झाला. साखळीच्या शेवटच्या सामन्यात मुंबईने एटीके मोहन बागानला २-० हरवलं. दोघांचे ४० गुण झाले आणि ढाल मुंबईकडे गेली. उपांत्य फेरीत समोर कोण? एफसी गोवा. पहिला सामना २-२, दुसरा ०-०, आणि पेनल्टींवर मुंबई ६-५. मग १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्यात अंतिम सामना झाला. डेव्हिड विल्यम्सच्या गोलने मागे पडलेल्या मुंबईला तिरीच्या स्वयंगोलने बरोबरी मिळाली आणि ९०व्या मिनिटाला बिपिन सिंगने विजय. एकाच मोसमात ढाल आणि करंडक दोन्ही जिंकणारा हा पहिला संघ. आदल्या मोसमात हाच क्लब पाचवा होता.

गोव्याच्या पाठीराख्यांसाठी हे किती कडू होतं, याची कल्पना करता येते. पण मुंबईच्या या यशातून ‘काढलेला प्रशिक्षक घ्या, करंडक मिळेल’ असा धडा काढणं चुकीचं होईल. मुंबईने माणसाबरोबर त्याची परिस्थिती आणली. खेळाची पद्धत आधीच ठरलेली, खेळाडू ओळखीचे, पैसा हाताशी, आणि वरची माणसं त्याच विचारांची. यातलं काहीही नसलेल्या क्लबने लोबेरांना नेमलं असतं, तर पहिल्या चार पराभवांतच आरडाओरड सुरू झाली असती, कारण ही खेळपद्धत बसायला वेळ घेते आणि ती बसेपर्यंत मागून गोल खाते.

लेस्टरच्या गोष्टीतही हेच आहे, फक्त झाकलेलं. रानिएरींच्या आधीचे नायजेल पिअर्सन यांनी मागच्या मोसमात शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकून संघ वाचवला होता. क्रेग शेक्सपिअर आणि खेळाडू हेरण्यात वाकबगार असलेले स्टीव्ह वॉल्श हे सहायक तसेच ठेवले गेले. रानिएरींना चालतं गाडं मिळालं, आणि त्याला फारसा धक्का न लावण्याचं शहाणपण त्यांच्यापाशी होतं. राष्ट्रीय संघात त्यांना खेळाडू वर्षातून मोजके दिवस भेटत होते. क्लबमध्ये रोज सकाळी भेटू लागले. तोच माणूस, पण काम निराळं.

आता उलट बाजू, कारण काही हकालपट्ट्या खरोखरच इशारा असतात. जोसे मोरिन्यो यांनी २०१५च्या मे महिन्यात चेल्सीला विजेतेपद दिलं, आणि डिसेंबरमध्ये संघ १६व्या क्रमांकावर असताना त्यांना जावं लागलं. मँचेस्टर युनायटेडने मे २०१६मध्ये त्यांना घेतलं. पहिल्या मोसमात लीग कप आणि युरोपा लीग मिळाली, आणि तिसऱ्या मोसमाच्या डिसेंबरमध्ये पुन्हा तोच शेवट: खेळाडूंशी फाटलेलं, जाहीर वाद, हकालपट्टी. मग टॉटनहॅम, तिथे दीड वर्षात. क्लब वेगळे, मालक वेगळे, खेळाडू वेगळे, आणि मोडण्याची जागा एकच. इथे ‘परिस्थिती’ हे उत्तर चालत नाही, कारण प्रत्येक परिस्थितीत सामाईक असलेला एकच माणूस आहे. याचा अर्थ मोरिन्यो यांना घेऊच नये असा मुळीच नाही. दोन वर्षांत करंडक हवा असेल आणि नंतरच्या पडझडीची तयारी आधीच केली असेल, तर तो व्यवहार शहाणपणाचा ठरू शकतो. पाच वर्षांचा संघ बांधायला मात्र त्यांना आणणं म्हणजे त्यांच्या इतिहासाकडे डोळेझाक करणं.

म्हणून एक हकालपट्टी वाचायची नाही, ओळीने सगळ्या वाचायच्या. पहिली, दुसरी, तिसरी वेगवेगळ्या कारणांनी झालेली असेल तर निर्धास्त व्हावं. तेच कारण दोनदा आलं की थांबावं.

ज्या क्लबने स्वतःच काढलं, त्यानेच परत बोलवावं का, हा याच प्रश्नाचा सर्वांत नाजूक प्रकार. बायर्न म्युनिकने युप हाइन्केस यांना ऑक्टोबर १९९१मध्ये काढलं. क्लबचे सर्वेसर्वा उली हॉनेस यांनी ती आपली मोठी चूक असल्याचं पुढे उघडपणे मान्य केलं. दरम्यान हाइन्केस यांनी १९९८मध्ये रियल माद्रिदला ३२ वर्षांनी युरोपियन करंडक मिळवून दिला, आणि साखळीत चौथे आल्याबद्दल माद्रिदनेही त्यांना निरोप दिला. २००९मध्ये बायर्नने त्यांना शेवटच्या पाच सामन्यांपुरतं बोलावलं, २०११मध्ये पूर्ण जबाबदारी दिली, आणि २०१३मध्ये लीग, जर्मन कप, चॅम्पियन्स लीग हे तिन्ही करंडक एकाच मोसमात आले. हे शक्य झालं कारण चूक कुणाची होती याबद्दल क्लबच्या मनात गोंधळ नव्हता. चूक मान्य न करता जुना माणूस परत आणला, की पहिल्या पराभवाला जुनंच भांडण वर येतं.

कोलकात्याच्या बाबतीत हे थोड्या वेगळ्या रीतीने घडलं. अंतोनिओ हबास यांनी २०१४चा पहिला इंडियन सुपर लीग करंडक तिथल्या एटीकेला जिंकून दिला, २०२०चाही दिला, आणि डिसेंबर २०२१मध्ये एटीके मोहन बागानपासून ते वेगळे झाले. त्यांची जागा हुआन फेरान्दो यांनी घेतली, आणि तेही एफसी गोवाकडूनच आले. जानेवारी २०२४मध्ये फेरान्दो गेले आणि हबास पुन्हा त्याच बाकावर बसले. एप्रिलमध्ये त्यांनी मुंबईला हरवून ढाल मिळवली, मेमध्ये त्याच मैदानावर मुंबईने अंतिम सामन्यात त्यांना ३-१ हरवलं. अर्ध्या मोसमासाठी परत येणाऱ्या माणसाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्याला क्लबची ओळख करून द्यावी लागत नाही. हबास यांनी तो पुरेपूर वापरला.

आपल्या क्लबांच्या कारभाऱ्यांकडून माझी अपेक्षा एवढीच आहे, की मुलाखतीला बसण्यापूर्वी त्यांनी जुन्या क्लबच्या मालकाला फोन करू नये. तो स्वतःच्या निर्णयाचं समर्थनच करणार. फोन करावा तो तिथल्या सहायक प्रशिक्षकाला, फिजिओला, आणि त्या मोसमात बाकावर बसलेल्या दोन खेळाडूंना. ज्यांना संघात जागा मिळाली नाही, ते खेळाडू प्रशिक्षकाबद्दल काय सांगतात, यावरून आठव्या सामन्यानंतर ड्रेसिंग रूममध्ये काय होईल हे बरंच कळतं. आणि उमेदवाराला थेट विचारावं: तिथे कुणी ऐकलं नाही तेव्हा तुम्ही काय केलंत? त्या उत्तरात तो इतरांचीच नावं घेतो की स्वतःचंही घेतो, हे नीट ऐकावं.

पुढच्या भागात : मोसमाच्या मध्यावर सूत्रं हाती घेणारा हंगामी प्रशिक्षक.