एटापल्लीच्या वर्गातली पुस्तकांची पेटी

पावसाळा ओसरला की जंगलपट्टीतल्या शाळांत एक काम निघते. लोखंडी कपाट उघडायचे आणि आतल्या पुस्तकांना ऊन दाखवायचे. अशाच एका शाळेत आम्ही हजर होतो. खालच्या कप्प्यातली पुस्तके वाळवीने खाल्ली होती. आणि जी वाळवीतून वाचली, ती कुणी वाचलेली नव्हती! पाने कोरी करकरीत. पुस्तक हरवले तर साठा-नोंदवहीचा हिशेब कोण देणार, या धास्तीने ती कुलपात राहिली. गुरुजींना तरी एकट्याला दोष कसा द्यावा?

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्यातला एटापल्ली हा माडिया मुलखातला तालुका. येथील पुष्कळ लेकरे घरी माडिया बोलतात आणि शाळेत एकदम मराठीत बसतात. पाठ्यपुस्तकातला धडा त्यांना परका वाटतो. मोठी चित्रे, दोन-दोन ओळींची गोष्ट, हवी तेव्हा हाताशी असणारी, अशी पुस्तके मिळाली तर भाषेची भीती मोडते. त्यासाठी वेगळी खोली नको, वर्गाचा एक कोपरा पुरे.

आता पैशाचे. समग्र शिक्षा योजनेत २०१८ पासून शाळेच्या ग्रंथालयासाठी अनुदानाची तरतूद आहे. प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत. आपल्या शाळेला ते आले का, त्यातून कोणती पुस्तके घेतली, हे पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीत खुशाल विचारावे. दुसरी वाट ग्रामसभेची. पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना २०१५ पासून पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो आणि शिक्षणावर तो खर्च करता येतो. सत्तर पानांचे पुडके बांधून तेंदूचा चोख हिशेब ठेवणाऱ्या बायाबापड्यांना पुस्तकांचा हिशेब काय जड!

काही पुस्तके तर कागद-छपाईच्या खर्चातच होतात. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ साली निघाले. त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत आहेत. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर २०१५ पासून मराठी गोष्टी छापून घेण्यास मोकळ्या आहेत, गोंडीतल्याही. तालुक्याच्या गावी बाजाराला जाणाऱ्याने दर खेपेला दोन गोष्टींची छपाई आणली तरी वर्षात कोपरा भरतो.

पुस्तके थोडी असली तर ती फिरती ठेवावीत. ही युक्ती जुनी आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून बडोद्याच्या गादीवर गेलेले सयाजीराव महाराज यांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावले आणि पुढे त्यांच्या राज्यात लाकडी पेट्यांतून पुस्तके गावोगाव फिरू लागली. नाशकात २००९ साली सुरू झालेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेतही शंभर-शंभर पुस्तकांच्या पेट्या वाचकांत फिरतात. एटापल्लीकडच्या चार शेजारच्या शाळांनी तीस-तीस पुस्तके काढली आणि दर दोन महिन्यांनी पेट्या बदलल्या, तर प्रत्येक मुलाला एकशेवीस पुस्तके पाहायला मिळतील.

पण आमच्या मते सगळ्यांत मोलाची पुस्तके घरीच तयार होतात. आजीला पंडुमाची, मोहफुलाची, अस्वलाची गोष्ट सांगायला लावावी. मोठ्या वर्गातल्या मुलांनी ती देवनागरीत एका बाजूला माडियात, समोरच्या पानावर मराठीत लिहावी, लहानांनी चित्रे काढावीत. जुन्या कॅलेंडरचे पुठ्ठे, गोधडीचा दाभण आणि दोरा, झाली शिलाई! आपल्या आजीचे नाव पुस्तकावर पाहिलेले पोर ते पुस्तक फाडणार नाही. फाडलेच तर दुसरे लिहील.

मांडणीला बांबूच्या कामट्यांची चौकट करावी. तीही भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून हातभर वर, म्हणजे वाळवीची माती चढताना दिसते. कडुनिंबाचा वाळला पाला पुस्तकांत ठेवावा, आणि तो पावसाळ्याआधी बदलावा. खळीत मोरचूद घालण्याची बाइंडरांची रीत आहे, पण ते विष. लहान मुले बोट चाटून पाने उलटतात, तेव्हा इथे ते नकोच. नोंदवही पाचवीतल्या मुलीकडे द्यावी: नाव, पुस्तक, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. शनिवारी पुस्तक घरी जावे, सोमवारी परत यावे. घरी गेलेले पुस्तक आईबाप, आजोबाही उलटून पाहतात. वर्षात दोन-चार हरवतील, ते धरूनच चालावे आणि तसा ठराव समितीच्या बैठकीत आधीच लिहून ठेवावा, म्हणजे गुरुजी निर्धास्तपणे कुलूप काढतील.