वारसा आणि देणे

जर्मन नैऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, अंमल गाजवलेल्यांचे वंशज पणजोबांचे फोटो जपतात, एकमेकांना दाखवतात. गणवेशातल्या पणजोबाचे नाव, हुद्दा फोटोखाली असतो; मागे उभ्या आफ्रिकी माणसाचे नाव बहुधा नसते. माझ्या आज्याचा फोटोच नाही, म्हणून मला ती कोरी जागा आधी दिसते.

याच वसाहतीत २ ऑक्टोबर १९०४ रोजी जनरल लोथार फॉन ट्रोथाने हेरेरो लोकांच्या संहाराचा हुकूम काढला. हजारो माणसे वाळवंटात तहानेने मेली. २००७ साली त्याच्याच घराण्यातल्या माणसांनी ओमारुरूला जाऊन हेरेरोंची माफी मागितली. जर्मन सरकारने हा वंशसंहार अधिकृतपणे मान्य केला तो २०२१ साली.

बापाची जमीन घ्यायची तर बापाचे कर्जही फेडावे लागते. वारशाचेही तसेच आहे.